मामंजींचा शंख

पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्या छातीच्या एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेला लावून धरली. बाहेर कडुनिंब होता. माझ्या फुप्फुसांतून त्याच्या फांद्या हलताना दिसत होत्या, आणि मी मूर्खासारखी त्याच बघत राहिले.

"ही इथं," डॉक्टर पेन्सिलीचं टोक टेकवून म्हणाले, "कॅव्हिटी आहे." कॅव्हिटी म्हणजे पोकळी. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात रोगानं बोराएवढी जागा खाऊन रिकामी केली होती. "ट्यूबरक्युलोसिस. म्हणजे क्षय."

हे, म्हणजे माझे यजमान, हातातली टोपी गोल फिरवत उभे होते.

"घरात आणखी कुणाला खोकला आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," हे म्हणाले. मग जरा थांबून, "म्हणजे आमच्या अप्पांना आहे. पण तो जुना दमा."

"दमा आहे असं कुणी सांगितलं?"

"अप्पांनीच."

डॉक्टरांनी फिल्म खाली घेतली आणि ह्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. सासऱ्यांच्या खोकल्याविषयी सुनेनं मत द्यायचं नसतं. माझं मत मात्र त्याच क्षणी पक्कं झालं, आणि आजही ते बदललेलं नाही.

ज्यांच्या घरात हा आजार शिरला आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. यात काळजी कशी घ्यावी ते येईल, आणि राग त्याहून जास्त येईल. आजारपणाविषयी लिहिणारी माणसं चार पानांत फार शांत होतात असं मला नेहमी वाटत आलं आहे. मी शांत झाले नाही. तरीही माझं फुप्फुस भरून आलं. तेव्हा तुम्हाला राग येत असेल, तर औषधाच्या जोडीला तोही चालतो एवढं समजा.

आमचं घर लोणावळ्याला, बाजाराच्या मागच्या अंगाला. हे रेल्वेच्या कचेरीत कारकून. मामंजी पेन्शन घेतलेले मामलेदार. गावात त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. सरकारनं ती पदवी त्यांना दिलेली नव्हती. पण सरकारकडून हयगय झाली म्हणून आपण का थांबावं, अशा विचारानं त्यांनी ती स्वतःच सुरू केली होती. मुंबईचे शेटलोक लोणावळ्याची हवा खायला गाडीभाडं भरून येतात. ती हवा आमच्या घरात येऊ नये म्हणून मामंजींनी खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबून घेतल्या होत्या. थंड हवेनं दमा वाढतो, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या खोकल्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही याला कारण होतं. आमच्याकडे वडील माणूस माजघरात येण्याआधी खाकरतो. बायकांनी पदर सावरावा, बोलणं थांबवावं, उठून उभं राहावं, यासाठी ती वर्दी असते. मामंजी आयुष्यभर खाकरत आले होते. कचेरीत पट्टेवाले उभे राहावेत म्हणून, घरात आम्ही उभ्या राहाव्यात म्हणून. ते खाकरणं कधी ओलं झालं, कधी लांबलं, कधी त्याच्या शेवटी ते भिंतीला हात टेकू लागले, हे आम्हाला कळलंच नाही. आम्ही आपल्या उभ्या राहत होतो.

मी वडगावची. वडील शाळामास्तर, त्यामुळे शाळेच्या कपाटातली पुस्तकं मी लग्नाआधीच संपवली होती. मामंजींची नजर अधू झाली तेव्हा सुनेला वाचता येतं ही गोष्ट त्यांच्या सोयीची निघाली. रोज सकाळी त्यांच्या बंद खोलीत, पलंगाशी बसून मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. बढत्या आणि बदल्यांच्या बातम्या दोनदा. त्यांचा खोकला माझ्या तोंडावर यायचा. मी तोंड वळवलं तर ते म्हणायचे, "सूनबाई, इकडे बघून वाचा. शब्द नीट ऐकू येत नाहीत." वाचनाचं वेड बाईच्या जातीला बरं नाही असं सासूबाई म्हणत. त्यांचं म्हणणं इतकं खरं ठरेल असं मला वाटलं नव्हतं.

आता शंखाविषयी.

आमच्या घराइतकं उष्ट्याचं कडक सोवळं मी कुठं पाहिलं नाही. पेल्याला ओठ लावायचा नाही, पाणी वरून प्यायचं. चुकून ओठ लागला तर पेला राखेनं घासून उपडा घालायचा. हे सगळं डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वा, मग तुमच्या घरात रोग पसरायलाच नको होता." नकोच होता. पण या सोवळ्याला दोन भोकं होती, आणि दोन्ही पवित्र होती.

एक म्हणजे नवऱ्याच्या ताटात जेवणं. मामंजींचं जेवण झालं की त्यांच्याच उष्ट्या ताटात, त्यांनी टाकलेल्या भातावर सासूबाई वाढून घेत. दुसरं भोक म्हणजे देवाचा शंख. मामंजी रोज पूजेच्या शेवटी तो फुंकत. पूर्वी त्याचा आवाज स्टेशनपर्यंत जायचा असं ते सांगत. आता दम पुरत नव्हता, म्हणून अर्ध्यातच तो तोंडातून काढून ते माझ्या मुलीच्या, यमूच्या, तोंडाला लावत. यमू पाच वर्षांची. ती गाल फुगवून फुंकायची, चिरका आवाज निघायचा, आणि सगळं घर कौतुकानं हसायचं. मीही हसायची. देवाचा शंख उष्टा होत नाही. आमच्याकडे हा नियम कुणी शिकवलेला नव्हता. तो सगळ्यांना माहीतच होता.

पुण्याहून परत येताना गाडीत मला माझ्या कॅव्हिटीपेक्षा तो शंख दिसत होता.

घरी मामंजींनी ह्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "हा रोग आमच्या घराण्यात नाही. हा वडगावहून आला." ते एवढ्यावर थांबले असते तर गोष्ट वेगळी. त्या वेळी माझ्या धाकट्या बहिणीचं तळेगावला ठरलं होतं. मुलाच्या वडिलांशी मामंजींची कचेरीतली ओळख. दोन आठवड्यांत ते लग्न मोडलं. "मुलीच्या घराण्यात क्षय आहे असं रावसाहेबांसारखा जबाबदार माणूस सांगतो," असा निरोप माझ्या वडिलांना आला. बहीण नंतर सासरी गेली, सुखी आहे. पण वडील त्यानंतर कधी आमच्या घराची पायरी चढले नाहीत. मी अंथरुणावर पडून छताचे वासे मोजत होते तेव्हा माझ्या डोक्यात बरं होण्याचा विचार क्वचित यायचा. मामंजींचा यायचा.

लोणावळ्यात एक तरुण डॉक्टर नुकतेच आले होते. पुण्याच्या डॉक्टरांनी मला त्यांच्याकडे सोपवलं. ते घरी आले, सगळीकडे फिरले आणि आधी खिडक्यांतल्या चिंध्या काढायला लावल्या. मग माझी व्यवस्था लावली. मागच्या पडवीत माझी खाट. पडवीला एका बाजूनं तट्टा, बाकी उघडी. माझं ताट, वाटी, पेला वेगळा. ते परसातल्या चुलीवर उकळायचे. खोकताना तोंडावर फडकं धरायचं आणि ते फडकं रोज जाळायचं. थुंकीसाठी झाकणाचा डबा, त्यात फिनेल. माझी पडवी कोरड्या झाडूनं झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची, कारण वाळलेल्या थुंकीची धूळही वाईट असं त्यांचं म्हणणं. अंथरूण रोज उन्हात. पावसाळ्यात लोणावळ्याला ऊन कुठलं, म्हणून तेव्हा चुलीजवळ शेकायचं.

"आणि मुलगी?" मी विचारलं.

"मुलीला जवळ घ्यायचं नाही."

परसात धुण्याचा मोठा दगड होता. तिथपर्यंत यायची यमूला परवानगी मिळाली. ती त्या दगडावर बसून पाय हलवायची आणि मी पडवीतून तिला गोष्टी सांगायची. मध्ये आठ-दहा हातांचं अंतर. पहिल्या दिवसांत ती विचारायची, "आई, मी हळूच येऊ का?" मी नाही म्हणायची. पुढं तिनं विचारणं सोडलं. ते मला जास्त लागलं.

डॉक्टरांनी यमूची ट्यूबरक्युलिन टेस्ट केली. हातावर कातडीत औषधाचा थेंब घालतात. जंतू शरीरात शिरले असतील तर तिथं गांधी उठते. उठली. तांबडी, रुपयाएवढी. डॉक्टरांनी ती बोटानं चाचपली आणि पट्टीनं मोजली.

"शिरकाव झालाय," ते म्हणाले. "अजून याला आजार म्हणता येणार नाही. मुलीच्या अंगात ताकद असेल तर ती जंतूंना कोंडून ठेवील. पण घरातून रोज नवी भर पडत राहिली, तर मग म्हणावं लागेल."

"भर माझ्याकडून पडली?"

"तुमच्याकडूनही पडली असेल. पण तुम्हाला कुणाकडून आला ते मला अजून कळलेलं नाही. मला तुमच्या सासऱ्यांची थुंकी तपासायची आहे."

त्या दिवसापासून माझ्या जिवाला एकच घोर होता. यमूच्या अंगात आणखी काही शिरता कामा नये. माझ्याकडून शिरणार नव्हतं, मी तिला शिवतसुद्धा नव्हते. प्रश्न पुढच्या खोलीचा होता.

पडवीतून पुढची खोली दिसत नाही, पण ऐकू येते. डॉक्टर आत गेले. मामंजींनी त्यांना बसा म्हटलं नाही. स्प्यूटम म्हणजे थुंकी, ती बाटलीत द्यायची, हे ऐकून त्यांनी खालच्या पट्टीत चौकशी सुरू केली. डॉक्टरांचं वय काय, शिक्षण कुठं, वडील काय करतात. डॉक्टरांनी सगळ्याची उत्तरं दिली. मग म्हणाले, "रावसाहेब, मला दम्याची खूण दिसत नाही. मला क्षयाची शंका आहे."

मामंजींचा आवाज चढला. "शंका! तुम्ही मला काय शंका सांगता? हेच मला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दीड वर्षापूर्वी! साहेबाला तपासणारा माणूस तो. त्यांनी निदान केलं. आणि आज तुम्ही लोणावळ्याचे डॉक्टर मला शंका म्हणून सांगता?"

मला वाटतं, आपण काय बोललो हे मामंजींना सगळ्यांत शेवटी कळलं. धाकट्या डॉक्टरानं आपल्याला नवीन काही सांगितलं हे त्यांना सहन झालं नाही, एवढंच. त्या एका पायरीच्या मानासाठी त्यांनी दीड वर्षाचं गुपित ओसरीवर फेकून दिलं. दीड वर्ष. म्हणजे माझं वर्तमानपत्र वाचन सुरू होण्याच्या आधीपासून. म्हणजे वडगावहून रोग आला हे तळेगावला कळवताना तो कुठून आला हे त्यांना माहीत होतं. आणि रोज सकाळी यमूच्या तोंडाला शंख लावतानाही.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मग तर काम सोपं झालं. बाटली ठेवून जातो."

दुपारी मामंजींचं जेवण झालं. त्यांचं ताट नेहमीसारखं सासूबाईंसमोर सरकलं. सासूबाईंनी ते उचलून मोरीत ठेवलं, फडताळातून दुसरं ताट काढलं, पदरानं पुसलं, आणि त्यात वाढून घेतलं. मी हे दारातून पाहिलं. पुढं त्यांना तपासलं. त्या निरोगी निघाल्या. हेही निरोगी. "काहींना हा रोग का सोडतो ते आम्हालाही नीट कळत नाही," डॉक्टर म्हणाले.

मामंजींची थुंकी पॉझिटिव्ह आली, म्हणजे तिच्यात जंतू दिसले. तुम्हाला वाटेल, आता तरी सगळं सुरळीत झालं असेल. मोठ्या माणसांच्या घरात राहिला नाहीत म्हणून असं वाटतं. डॉक्टरांचे नियम सुनेसाठी होते. मामंजींनी डबा नाकारला, कारण तस्तात थुंकण्याची त्यांना सवय होती. फडकं नाकारलं, कारण तोंड झाकून बोलायला ते काही चोर नव्हते. शंखाचा तर विषयच निघाला नाही. ह्यांना मी पडवीतून सांगितलं, "अप्पांना सांगा, यमूला शंख देऊ नका." हे म्हणाले, "सांगतो." हे दोन वेळा पुढच्या खोलीपर्यंत गेले. दोन्ही वेळा आतून खाकरल्याचा आवाज आला आणि हे उभे राहिले.

आमच्याकडे भुशी गावची सगुणा कामाला होती. तिनं तस्त धुवायला साफ नकार दिला.

"मी न्हाई त्याला हात लावनार, वयनी. मला घरी चार लेकरं हायेत."

"मग मामंजींना तसं सांगा."

"मी कशाला? तुमचा सासरा, तुमी सांगा. लय मोठं हायेत त्ये. मोठ्यांची थुकी बी मोठी."

शेवटी तस्त सासूबाई धुवायच्या. यमूला मी दगडावरूनच बजावलं होतं की शंख तोंडाला लावायचा नाही. ती म्हणाली, "पण आजोबा म्हणतात लाव." पाच वर्षांच्या मुलीनं कुणाचं ऐकावं? शंख वाजला की मी अंथरुणात उठून बसायची. एक आवाज आला तर तो मामंजींचा. दुसरा चिरका आवाज आला की तो यमूचा.

मी वाट बघत होते. मामंजींना सगळ्यांत प्रिय काय, हे मला वर्तमानपत्र वाचून दाखवताना चांगलं समजलं होतं. चार मोठी माणसं बघत असणं. म्हणून ती चार माणसं जमेपर्यंत मी थांबले. खोटं कशाला बोलू, मुलीचा जीव वाचवायचा होता हे खरंच, पण वेळ मी निवडली.

मामंजींची साठी आली. साठीशांतीचा थाट त्यांनी स्वतः ठरवला. ओसरीवर लोड-तक्के. पाहुणे निवडक. पेन्शनवाले दोन अंमलदार, वडगाव कोर्टातले एक वकील, मुंबईचे एक बंगलेवाले शेट. केळीची पानं मांडून झाली, पानांभोवती रांगोळी, उदबत्त्या. आरतीआधी मामंजींनी शंख उचलला. फुंकला. आवाज अर्ध्यात फाटला आणि खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ते पाहुण्यांकडे बघून हसले आणि यमूला म्हणाले, "या सरकार. तुमच्या आजोबांची गादी तुम्ही चालवायची."

मी तोंडावर फडकं बांधून ओसरीच्या दारात येऊन उभी राहिले. चार परक्या पुरुषांसमोर, पदराच्या वर फडकं, अशी.

"यमू, फुंकू नकोस."

सगळ्यांनी माना वळवल्या. मामंजी हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, आत जा."

"मामंजी, तो शंख उष्टा आहे."

"देवाचा शंख उष्टा होत नाही. आत जा म्हणतो ना!"

"देवाचा होत नसेल. हा तुमच्या तोंडातून निघालाय. तुमच्या थुंकीत क्षयाचे जंतू आहेत. इथल्या डॉक्टरांवर तुमचा विश्वास नाही, पण मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी तर दीड वर्षापूर्वीच सांगितलं होतं. तेव्हापासून तुम्ही हा शंख माझ्या मुलीला देताय. तिच्या हातावर गांधी उठलीय. वडगावहून काही आलेलं नाही. वकीलसाहेब, तळेगावला ओळख असेल तर एवढं कळवा."

तेवढं बोलून मला धाप लागली, तेवढंच.

वकिलांनी हातातला कॉफीचा पेला अगदी हळूच, जणू तो फुटेल असा, खाली ठेवला आणि जरा पलीकडे सरकवला. शेट म्हणाले, "रावसाहेब, माफ करा, मला गाडी गाठायची आहे." मुंबईची गाडी संध्याकाळी होती. अंमलदारांपैकी एक म्हणाले, मीही शेटजींबरोबरच निघतो. दुसऱ्यांनी कारण शोधण्याचे कष्ट घेतले नाहीत.

यमूच्या हातातला शंख सासूबाईंनी काढून घेतला. मामंजी लोडाला टेकून बसले होते. ते खाकरले. त्या दिवशी कुणीही उभं राहिलं नाही, कारण सगळे आधीच उठून जोडे घालत होते.

"सगळी पानं तशीच उचलली," सगुणा मागच्या दारी म्हणाली. "एकाचं बी उष्टं न्हाई. तुमच्या सासऱ्याच्या साठीला गाईंची चैन झाली, वयनी."

मग मी तिला चूल पेटवायला सांगितली. माझी भांडी ज्या पातेल्यात उकळत त्यातच शंख टाकला.

"देवाचा शंख शिजवायचा?" तिनं डोळे मोठे केले.

"उकळायचा."

"पाप लागंल ना वो."

"लागू दे. खोकला लागण्यापेक्षा बरं."

"व्हय, त्ये बी खरं," ती म्हणाली आणि थोडं लाकूड आणखी सारलं. "मीठ टाकू का?"

आजारी पडल्यापासून मी पहिल्यांदा हसले. हसल्यावर खोकला आला, आणि खोकताना फडकं तोंडाला लावायची मला आठवण राहिली. सवय पडली होती.

त्यानंतर बरेच दिवस मामंजी माझ्याशी बोलले नाहीत. हा मला मिळालेला सर्वांत मोठा आराम. मी त्यांच्यावर डॉक्टरांचा प्रत्येक नियम लादला, आणि लादताना एकही सवलत दिली नाही. त्यांची खाट ओसरीच्या टोकाला, उघड्यावर. त्यांचं ताट वेगळं. तस्त भंगारात, झाकणाचा डबा उशाशी. मी माझ्या पडवीतून हुकूम सोडायची, सासूबाई तो अमलात आणायच्या. मामलेदारांच्या बायकोला हुकमाची अंमलबजावणी चांगली येत होती. मामंजी डबा वापरताना तोंड फिरवत. मला ते दिसावं म्हणून मी खाट पडवीच्या कोपऱ्यावर, जिथून ओसरीचं टोक दिसतं तिथं, ओढून घेतली होती. हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

पण माझा सूड फार दिवस माझा राहिला नाही.

पावसाळा संपल्यावर पाहुणे पुन्हा हळूहळू येऊ लागले. अंगणात उभे राहून चौकशी करायचे. एकदा मी मामंजींचा आवाज ऐकला, तोच जुना, कचेरीतला. "पायरीच्या आत येऊ नका. या घरात मी शिस्त लावली आहे. वेगळं ताट, वेगळी खाट. खोकताना तोंडावर वस्त्र पाहिजे. कडक नियम आहेत माझे!" मी खाटेवर उठून बसले. त्यांनी माझे नियम पदवीसारखे स्वतःला लावून घेतले होते. पुढं ते आल्यागेल्याला जंतूंवर व्याख्यान देऊ लागले. यमू चुकून पायरीपाशी गेली तर फडकं तोंडाला लावून गरजायचे, "अंतर ठेवा, सरकार!" मी जे भांडून मिळवलं नसतं ते त्यांच्या बढाईनं आपोआप मिळालं. शंखाचं नाव कुणी काढत नव्हतं. तो पाणी भरून देव्हाऱ्यात ठेवलेला असायचा.

मला संताप आला. दोन दिवस मी दूध घेतलं नाही. मग दगडावर बसलेल्या यमूकडे बघून प्यायले.

माझा इलाज पुण्याला चालू होता. आर्टिफिशियल न्यूमोथोरॅक्स, म्हणजे बरगड्यांच्या आत सुईनं हवा भरायची, म्हणजे आजारी फुप्फुस दबून राहतं, हलत नाही, आणि त्याला विश्रांती मिळते. ती हवा जिरते, म्हणून पुन्हा पुन्हा भरायला जावं लागे. सुई आत जाताना दुखतं, पण सहन होतं. त्या वेळी खोकू नका, एवढं मात्र लक्षात ठेवा. लोणावळ्याची हवा सगळीकडे नावाजलेली, आणि मी रेल्वेनं पुण्याला हवा भरून घ्यायला जायची. स्टेशनवर मुंबईहून आलेले लोक छाती फुगवून श्वास घेताना दिसले की मला त्यांची गंमत वाटायची.

दोनेक वर्षांनी कॅव्हिटी मिटली. थुंकी निगेटिव्ह आली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. यमूच्या फिल्ममध्ये छातीत बारीक डाग होता, डॉक्टर म्हणाले तो वाळलेला आहे, जंतू कोंडले गेलेत. "भर पडली नाही," ते म्हणाले. त्या संध्याकाळी मी स्वतः उठून धुण्याच्या दगडापर्यंत गेले आणि तिच्या शेजारी बसले. ती आता मोठी झाली होती. मला कसं बिलगायचं ते तिला आठवत नव्हतं. तिला परत सवय व्हायला वेळ लागला.

मामंजी पुढच्या हिवाळ्यात गेले. शेवटपर्यंत ओसरीवर, उघड्या हवेत, डबा उशाशी. समाचाराला आलेली माणसं अंगणात बसली होती. साठीशांतीला कॉफीचा पेला पलीकडे सरकवणारे वकीलही होते. ते दाटल्या आवाजात म्हणाले, "काय त्याग! नातीला लागू नये म्हणून स्वतःच दूर झाले. घरात केवढी शिस्त लावली त्यांनी. एवढी दूरदृष्टी आज कुठं बघायला मिळते?" सगळ्यांनी माना हलवल्या. मी आत दारामागे उभी होते. मेलेल्या माणसाविरुद्ध सुनेनं बोलायचं नसतं, आणि जे बोलायचं ते मी साठीलाच बोलून घेतलं होतं.

माजघरात बसलेल्या सासूबाई उठल्या. कपाळ पुसलेलं, पांढरी साडी, अशा त्या दाराशी आल्या आणि परक्या पुरुषांकडे आयुष्यात पहिल्यांदाच सरळ बघत म्हणाल्या,

"शंख हिनं उकळला."

आणि आत जाऊन चुलीवर माझं ताट उकळत ठेवलं. मी बरी झाल्यालाही तोपर्यंत बरेच महिने झाले होते. मी त्यांना थांबवलं नाही. डॉक्टरांची मी ऋणी आहेच, सुईचीही, उघड्या पडवीचीही. पण ज्या बाईनं त्या दुपारी न बोलता फडताळातून आपलं ताट काढलं, तिचं ऋण माझ्यावर सगळ्यांत मोठं आहे. तुमच्या घरात आजार आला तर आधी तुमच्या घरातलं ते ताट, तो शंख शोधा, जो उष्टा होत नाही असं सगळ्यांना माहीत आहे. तो उकळा. राग नंतर केलात तरी चालेल. तो काही कुठं जात नाही.